दम कुठं घ्यायचा?

धुळ्यात फजरच्या नमाजानंतर आणि शाळेच्या घंटेआधी मशिदीमशिदींतून मकतब भरतात. मौलवीगंजात, देवपुरात, ऐंशी फुटी रस्त्याच्या आतल्या वस्त्यांत. पोरं ओळीनं मांडी घालून बसलेली, पुढ्यात लाकडी रेहल, रेहलवर लहानांचा नूरानी कायदा, म्हणजे अक्षरओळखीचं पुस्तक, आणि त्यापुढं गेलेल्यांचा कुराणाचा पारा. सगळी एकाच वेळी मोठ्यानं आपापलं वाचत असतात. बाहेरच्याला तो नुसता गलका वाटतो, पण शिकवणाऱ्या हाफिजांच्या कानातून चूक निसटत नाही. ही चूक उच्चाराचीच असते असं नाही. बऱ्याचदा ती थांबण्याची असते. पोराचा दम भलत्या जागी संपतो आणि हाफिजसाब तिथूनच म्हणतात, "यहाँ साँस मत तोड़. पीछे से ला." मग पोरानं दोन-तीन शब्द मागं जायचं, तिथून पुन्हा उचलायचं आणि नेमून दिलेल्या जागी येऊन थांबायचं.

अरबीतल्या विरामचिन्हांची गोष्ट या गलक्यातूनच सुरू करायला हवी. विरामचिन्ह म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं छापील पान येतं. शाळेत आपण ती निबंध लिहिताना शिकलो आणि गुण गेले तेही लिहिण्यात. अरबीत मात्र ही विद्या हजारभर वर्षं मुख्यतः वाचणाऱ्याच्या फुप्फुसाची आणि ऐकणाऱ्याच्या कानाची होती. कागदावर तिची खूण उमटली ती आधी धर्मग्रंथाच्या पानावर. बातमीपत्र, कादंबरी, सरकारी परिपत्रक यांच्या वाट्याला ती फार उशिरा आली. इतक्या उशिरा की मराठीनं त्या बाबतीत अरबीच्या साठेक वर्षं आधी हात धुऊन घेतले होते.

आपल्याकडं छापलेल्या कुराणाच्या प्रतीत बहुधा एक उर्दू पान जोडलेलं असतं. मथळा: रुमूज़-ए-औक़ाफ़, म्हणजे थांब्यांच्या खुणा. आयत संपली की गोल. पण आयतीच्या आतही ओळीच्या वरच्या अंगाला बारीक बारीक अक्षरं बसवलेली असतात, आणि त्या प्रत्येकाचा हुकूम वेगळा. मीम असेल तर थांबलंच पाहिजे, नाही तर अर्थाचा अनर्थ होईल. तोय असेल तर थांबावं, कारण बोलणं पुरं झालं आहे. जीम असेल तर थांबलं तरी चालेल, न थांबलं तरी चालेल. ज़े असेल तर थांबता येतं पण न थांबणं बरं. स्वाद असेल तर दम संपल्यास सवलत. लाम-अलिफ म्हणजे 'ला', म्हणजे 'नको': इथं थांबू नका. शिवाय 'सकता' लिहिलेलं असेल तर आवाज क्षणभर तोडायचा पण श्वास घ्यायचा नाही. मराठीच्या पूर्णविरामात 'थांबलात तर बरं' आणि 'थांबलात तरी हरकत नाही' असा भेद करायची सोयच नाही. इथं हुकूम, सल्ला, सवलत आणि मनाई अशा पायऱ्या आहेत.

या खुणा कशासाठी, हे उदाहरणांतून लगेच ध्यानात येतं. सूरह माऊनच्या चौथ्या आयतीत नमाज पढणाऱ्यांचा धिक्कार आहे. इथंच थांबलं तर केवढा घोटाळा! कोणते नमाजी, ते पाचव्या आयतीत येतं: जे आपल्या नमाजाबद्दल बेफिकीर असतात ते. आयत संपलेली आहे, गोल आहे, पण आपल्याकडच्या प्रतीत त्या गोलावर 'ला' बसवलेला असतो. आयत संपली म्हणून बोलणं संपत नाही, हे सांगायला.

सूरह यूनुसमध्ये पैगंबरांना सांगितलं आहे की विरोधकांच्या बोलण्यानं दुःखी होऊ नका. लगेच पुढचं वाक्य: सारी प्रतिष्ठा अल्लाहचीच आहे. दोन्हींमध्ये न थांबता वाचलं तर ऐकणाऱ्याला वाटेल की हे दुसरं वाक्यच त्या विरोधकांचं बोलणं आहे. म्हणून मध्ये मीम, सक्तीचा थांबा. आपण ज्या कामाला अवतरणचिन्ह वापरतो ते काम इथं एका श्वासानं केलं आहे. सूरह यासीनमध्ये तर बोलणाराच बदलतो. पुन्हा उठवले गेलेले लोक विचारतात, आम्हाला आमच्या झोपण्याच्या जागेवरून कुणी उठवलं? त्यापुढचं वाक्य त्या प्रश्नाला मिळालेलं उत्तर आहे. मध्ये ना 'ते म्हणाले' आहे, ना नवा परिच्छेद. आपल्याकडच्या प्रतीत तिथं सकता आणि मीम दोन्ही आहेत. नाटकाच्या संहितेत पात्राचं नाव लिहून जे होतं, ते इथं पठण करणाऱ्याच्या गळ्यावर सोपवलेलं आहे.

सगळ्यात गाजलेला थांबा सूरह आल इमरानच्या सातव्या आयतीतला. काही आयतींचा गूढार्थ अल्लाहशिवाय कुणाला ठाऊक नाही, असं तिथं म्हटलं आहे आणि पुढं 'ज्ञानात मुरलेले लोक' असा उल्लेख येतो. 'अल्लाह'पाशी थांबलं तर ज्ञानी लोक पुढच्या वाक्याचे कर्ते होतात: ते म्हणतात, आमचा यावर विश्वास आहे. न थांबता पुढं गेलं तर तेही जाणणाऱ्यांत जमा होतात. मानवी बुद्धीची हद्द कुठवर, हा प्रश्न एका श्वासाच्या जागेवर टांगलेला आहे आणि त्यावर शतकानुशतकं भाष्यकारांनी पानंच्या पानं लिहिली. भारतीय छपाईत तिथं मीम आहे. मदिनेहून छापून येणाऱ्या प्रतीत जी खूण आहे ती म्हणते, पुढं जाता येईल पण थांबणं अधिक बरं. एकच ग्रंथ, अक्षर न् अक्षर तेच, आणि तरी हुकमाची धार वेगळी.

आणखी एक खूण तर मला अख्ख्या युरोपच्या विरामचिन्हांत सापडत नाही. तीन ठिपक्यांची ही खूण जोडीनंच येते आणि तिला मुआनक़ा म्हणतात. सूरह बकराच्या दुसऱ्याच आयतीत ती आहे. दोन जागा दाखवलेल्या; यांपैकी एकीवर थांबा, दुसरीवर मग थांबायचं नाही. पहिलीवर थांबलात तर मधला शब्द पुढच्या वाक्याकडं जातो, दुसरीवर थांबलात तर मागच्याकडं. दोन्ही वाचनं मान्य. पण दोन्हीकडं थांबलात तर तो बिचारा शब्द कुणाचाच राहत नाही. संदिग्धता पुसण्यासाठी विरामचिन्हं असतात असं आपण समजतो. इथं संदिग्धता जपण्यासाठी चिन्ह काढलं आहे.

हे सगळं एवढं काटेकोर का, याचं एक कारण भाषेच्या रचनेत आहे. मराठीत थांबा हलला तर अर्थ हलतो, शब्दाचा उच्चार तोच राहतो. अरबीत थांबलं की शब्दाचं शेपूट गळतं. सलग वाचताना नामाच्या शेवटी उ, अ किंवा इ असा ऱ्हस्व स्वर येतो आणि तो शब्द कर्ता आहे, कर्म आहे की षष्ठीत आहे ते सांगतो. थांबलात की तो स्वर उच्चारायचा नाही. काही शब्दांच्या शेवटी सलग वाचनात 'त' ऐकू येतो, थांबल्यावर त्याचा नुसता 'ह' उरतो. मक्का, मदीना, फातिमा ही आपल्या ओळखीची रूपं थांबल्यानंतरची. वाक्याच्या मध्यावर तीच नावं 'मक्कत', 'मदीनत' अशी तकारानं पुढं सरकतात. म्हणजे अरबीत विराम नुसता शांततेत नसतो, शब्दाच्या अंगावरच ऐकू येतो. डोळे मिटून ऐकणाऱ्यालाही कळतं, इथं मुक्काम झाला.

या खुणांची पद्धत लावणारा माणूस अरब नव्हता. मुहम्मद इब्न तैफूर हा आजच्या अफगाणिस्तानातल्या सजावंदचा, म्हणून सजावंदी. त्याचा मृत्यू हिजरी ५६० चा, म्हणजे इसवी ११६५ च्या सुमाराचा. पठणात कुठं थांबावं, कुठून पुन्हा उचलावं यावर त्याच्या आधीही ग्रंथ होते, पण थांब्यांच्या प्रती ठरवून त्यांना एकेक अक्षर देण्याची त्याची रीत पूर्वेकडं इतकी रुजली की तुर्की, इराण, मध्य आशिया आणि हिंदुस्थान यांच्या प्रतींत तीच चालली. १९२४ साली कैरोत राजा फुआदच्या काळात जी प्रत छापली गेली, तिच्या पंडितांनी मात्र सजावंदीची तोय, ज़े, स्वाद ही गर्दी कमी केली आणि मोजक्याच खुणा ठेवल्या. मदिनेच्या छापखान्याच्या प्रसिद्ध प्रतीत पुढं तोच कित्ता गिरवला. मोरोक्कोकडं तर निराळीच रीत. सोळाव्या शतकातल्या अल-हब्तीच्या नावावर असलेली एकच खूण सगळीकडं.

याचा परिणाम धुळ्यातल्या घरांतही दिसतो. हजहून परतणारे आजोबा मदिनेची सुबक प्रत घेऊन येतात. घरातलं पोरगं मकतबात देशी छपाईची प्रत शिकलेलं. नव्या प्रतीत त्याची तोय सापडत नाही, रुकू, म्हणजे कुराणातला परिच्छेद, संपल्याची खूण असलेला ऐन सापडत नाही आणि ओळखीच्या मजकुरात ते अडखळतं. ही अडचण लोकांना ठाऊक असल्यानं मदिनेचा छापखानाही आपल्याकडच्या वळणाची वेगळी प्रत काढतो.

इथवर झाली ती पठणाची गोष्ट. मग बाकीचं अरबी? इतिहास, वैद्यक, कायदा, प्रवासवर्णनं, हिशेब? त्या हस्तलिखितांत स्वल्पविराम नाही, प्रश्नचिन्ह नाही, नवं वाक्य सुरू झालं हे सांगणारं मोठं अक्षर तर या लिपीत कधी नव्हतंच. आजच्या वाचकाला असं पान म्हणजे दारं-खिडक्या नसलेली भिंत वाटतं. पण ज्यांच्यासाठी ते लिहिलं त्यांना वाट सापडत होती, कारण विरामाचं काम चिन्हांनी केलं नसलं तरी शब्दांनी केलं होतं.

अरबी वाक्य बहुधा 'व' नं सुरू होतं. हा 'व' म्हणजे नुसतं 'आणि' नव्हे; नवं वाक्य सुरू झालं, एवढंच तो पुष्कळदा सांगतो. 'फ' आला की समजायचं, आधीच्या गोष्टीतून ही पुढची निघाली. 'सुम्म' आला की मध्ये काही वेळ गेला. नमन, स्तुती, पाल्हाळ संपून मुद्द्याला हात घातला की 'अम्मा बाद'. एखाद्याचं म्हणणं उद्धृत केलं तर सुरुवातीला 'क़ाल', म्हणजे 'म्हणाला', आणि उद्धरण संपलं की 'इंतहा', म्हणजे 'संपलं'. नकलनवीस ते पुरं लिहीत नसत, दोन अक्षरांत आटोपत. त्यातून सजअ, म्हणजे यमक साधणारं गद्य: दोन तुकड्यांची शेवटची अक्षरं जुळली की कानानं ओळखायचं, तुकडा पुरा झाला. हरीरीच्या मक़ामातमध्ये, अकराव्या-बाराव्या शतकात, या कसबाची कमाल झालेली आहे.

खुणा अजिबात नव्हत्या असंही नाही. हदीसच्या दोन वचनांमध्ये गोल काढावा, असं बगदादचा खतीब (मृत्यू १०७१) सांगून गेला आहे. त्याची दुसरी सूचना मला फारच आवडते: नक्कल मूळ प्रतीशी ताडून झाली की त्या गोलात एक ठिपका द्यावा. रिकामा गोल म्हणजे मजकूर उतरवला पण तपासलेला नाही. ठिपक्याचा गोल म्हणजे तपासला. विरामचिन्ह आणि मुद्रितशोधकाची सही एकाच खुणेत! प्रकरणांची नावं तांबड्या शाईत. टीकाग्रंथ असेल तर मूळ संहितेच्या शब्दांवर रेघ. आपल्याकडच्या मदरशांत दर्से निज़ामी या अभ्यासक्रमाची जी जुन्या शिळाछापाची पुस्तकं चालतात त्यांत हे सगळं अजून दिसतं: मध्ये मूळ, वर रेघा, चारी बाजूंनी तिरप्या ओळींत भाष्य, आणि कुठं विराम म्हणून काही नाही. अक्कलकुव्याचा जामिया इस्लामिया इशाअतुल उलूम १९७९ साली सुरू झाला तेव्हा तो तालुका धुळे जिल्ह्यातच होता. नंदुरबार वेगळा झाला तो १९९८ मध्ये. अशा ठिकाणी पुढपर्यंत शिकणाऱ्या विद्यार्थ्याला तीन निरनिराळ्या पानांची सवय करून घ्यावी लागते. कुराणाचं पान, जिथं खुणा श्वासासाठी आहेत. जुन्या किताबांचं पान, जिथं खुणाच नाहीत. आणि आजच्या अरबी मासिकाचं पान, जिथं स्वल्पविराम, अर्धविराम सगळं युरोपसारखं आहे, फक्त तोंड फिरवलेलं.

खान्देशाला ही अरबी नवी नाही. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १६०१ साली अकबरानं असीरगड घेईपर्यंत इथं फारुकींचं राज्य होतं. तापीकाठचं थाळनेर त्यांची पहिली राजधानी. त्यांचे घुमट तिथं अजून उभे आहेत. पुढं ते बऱ्हाणपूरला गेले. आज बऱ्हाणपूर मध्य प्रदेशात असलं तरी रावेर-सावद्याच्या माणसाला ते परकं वाटत नाही. तिथल्या जामा मशिदीत राजा अलीखान फारुकीनं अरबी लेखाबरोबर एक संस्कृत लेखही कोरवून घेतला, शके १५११ चा, म्हणजे १५९० च्या आरंभीचा. त्यात सृष्टिकर्त्याला वंदन करून फारुकींची वंशावळ सांगितली आहे. एकाच छताखाली, एकाच धन्यासाठी, दोन दिशांनी वाचायच्या दोन लिप्या. लोक तो दाखवून सलोख्याची गोष्ट सांगतात, ती सांगावीच. पण तिथं उभं राहून मला भलताच विचार सुचतो: या दोन्ही पाथरवटांना स्वल्पविराम नावाची वस्तू ठाऊक नव्हती आणि दोघांचंही काही अडलं नाही.

दगडापेक्षा कागद अधिक बोलतो, आणि कागदासाठी धुळ्याला यावं. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात वारले. त्यांच्या मागं १९२७ मध्ये इथं राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं. शंकर श्रीकृष्ण देवांनी रामदासी पोथ्या गोळा केल्या, त्या समर्थ वाग्देवता मंदिरात. इतिहासाच्या अभ्यासकाला क्रमांकाच्या गल्ल्यांचं हे शहर दुसरं पुणं वाटतं ते या दोन संस्थांमुळं. मंडळातल्या मोडी कागदांत अरबी लपून बसलेली नाही. ती पहिल्या ओळीतच असते. जुन्या मराठी सनदापत्रांत वर्ष लिहायची जी रीत, तिला शुहूर सन किंवा सुहूर सन म्हणतात. त्यात आकडा अक्षरांत आणि तोही अरबीत: सु॥ सीत सितैन मया व अलफ. सीत म्हणजे सहा, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार. मिळून ११६६. त्यात ५९९ मिळवले की मृगाला सुरू होणारं १७६५-६६ चं वर्ष. आधी एकं, मग दहं, मग शतं, शेवटी सहस्र: अरबीचा क्रम जसाच्या तसा.

पण त्या ओळीत एक जागा अशी आहे की जिथं मराठी कारकुनानं अरबीला मुरड घातली. शुद्ध अरबीत प्रत्येक दोन पदांमध्ये 'व' लागतो: सहा व साठ व शंभर व हजार. मोडी लिहिणाऱ्यानं पहिले दोन 'व' गाळले आणि शेवटचा तेवढा ठेवला. का? लेखणी धावती ठेवायची म्हणून असेल, किंवा मराठी कानाला शेवटच्या पदाआधीचा एकच 'व' पुरेसा वाटतो म्हणून असेल. 'तांदूळ, डाळ, गूळ व तूप' असं आपण आज लिहितो त्यात जिथं स्वल्पविराम येतात, तिथं त्या कारकुनानं नुसती मोकळी जागा मनात धरली. स्वल्पविराम मराठीत यायच्या कितीतरी आधी त्याची जागा तयार होती, असं मी म्हणेन. व्याकरणाचे अभ्यासक याला पुरावा म्हणणार नाहीत, हे कबूल.

मोडीचं एकूण वळणच अरबी-फारसी पत्राच्या नात्यातलं. आधी ओळ आखायची आणि मग तिला अक्षरं लटकवत जायची. शब्द कुठं संपला याची फिकीर नाही, वाक्याची तर नाहीच. पण पत्र वाचणारा चुकत नसे. 'अज रख्तखाने' दिसलं की हुकूम सुरू झाला. 'विज्ञापना ऐसीजे' आलं की आता मजकूर येणार, म्हणजे आपला अपूर्णविराम. 'ऐसियास' म्हणजे नवा परिच्छेद. 'जाणिजे', 'कळावे', 'बहुत काय लिहिणे' म्हणजे पूर्णविरामाच्या चढत्या पायऱ्या. 'छ' आला की पुढं मुसलमानी चांद्र तारीख. संक्षेप केला की शेजारी दोन उभ्या रेघा: सु॥, रा॥. आणि अगदी शेवटी 'मोर्तब सुद', ज्यापुढं एक अक्षरही लिहायची कुणाला मुभा नाही. राजवाड्यांनी १८९८ पासून असे कागद खंडामागून खंड छापले. मोडीचं देवनागरी करताना शब्द तोडावे लागतात, विराम घालावे लागतात, आणि ती प्रत्येक जागा हा संपादकाचा निवाडा असतो. मंडळात कागद लावणारे एक जुने वाचक मला म्हणाले, "भाऊ, मोडी आधी समजावी लागते, मग वाचता येते." अरबीचा पंडितही जुन्या हस्तलिखिताबद्दल हेच सांगेल. तिथं तर शब्दांचे ऱ्हस्व स्वरही लिहिलेले नसतात. कैरो, बैरूत इथल्या संपादकांनी विसाव्या शतकात जुने ग्रंथ छापताना त्यांत स्वल्पविराम पेरले. वाचकांची सोय झाली आणि वादाला एक कायमचं कुरण मिळालं.

मराठीत ही चिन्हं आणली मेजर थॉमस कँडीनं. मोल्सवर्थच्या कोशात हातभार लावणारा, पुढं सरकारी पाठ्यपुस्तकांच्या भाषेवर वर्षानुवर्षं कात्री चालवणारा हा इंग्रज. १८५० साली त्याची 'विरामचिन्हांची परिभाषा' ही पुस्तिका निघाली. आपल्याकडं तोवर पोथीतला दंड होता, श्लोकाअखेरचा दुहेरी दंड होता. गद्यानं कँडीचा टिंब घेतला आणि दंड ओवी-अभंगांपुरता उरला. शेजारची हिंदी अजून खडी पाई ओढते. आपण ती सोडली आणि सोडल्याची फार चर्चाही केली नाही.

अरबीला तिचा कँडी भेटला १९१२ मध्ये, आणि तो घरचाच होता. अहमद ज़की (१८६७ ते १९३४) हा इजिप्तच्या सरकारातला मोठा अधिकारी, जुन्या हस्तलिखितांचा वेडा संग्राहक. युरोपात हिंडून आलेला. विरामचिन्हांवरचं त्याचं 'अत-तरक़ीम' हे छोटं पुस्तक कैरोत निघालं. बुलाकचा सरकारी छापखाना त्याच्या नव्वद वर्षं आधी सुरू झाला होता. म्हणजे नव्वद वर्षं छापील अरबी बहुतांशी विनाविराम चालली होती. ज़कीची खुबी त्यानं मांडलेल्या युक्तिवादात आहे. ही परक्यांची नक्कल आहे, असा आरोप होणार हे त्याला दिसत होतं. म्हणून तो वक़्फ़ाच्या, म्हणजे पठणातल्या थांब्यांच्या, जुन्या विद्येकडं बोट दाखवतो: कुठं थांबावं हे ठरवण्यात आपले पूर्वज कुणापेक्षा मागं नव्हते, खुणा बदलतील, काम जुनंच आहे. स्वल्पविरामाला त्यानं नाव दिलं 'शौला', विंचवाची वर वळलेली नांगी. आकाशातल्या विंचवाच्या नांगीवरचा तारा, आपल्या मूळ नक्षत्रातला, तोही शौलाच.

ओळ उजवीकडून डावीकडं जाते, तेव्हा नांगीही त्या दिशेला हवी. अरबीचा स्वल्पविराम उलटा फिरवलेला असतो, अर्धविरामही तसाच, आणि प्रश्नचिन्हाचं पोट दुसऱ्या अंगाला. पूर्णविराम मात्र टिंबच. टिंबाला डावं-उजवं नसतं. कंसही बदललेले नाहीत, उघडणारा कुठला आणि मिटणारा कुठला एवढंच उलटतं. अवतरणासाठी फ्रेंचांची कोनदार दुहेरी खूण बरीच रूढ आहे. हे सारं येऊन शंभरावर वर्षं झाली, तरी जुन्या 'व' नं आपली खुर्ची सोडलेली नाही. अरबी वर्तमानपत्रात स्वल्पविराम येतो आणि त्याच्या पाठीला लागून 'व' ही येतोच. एकेका परिच्छेदाचं एकच वाक्य, मध्ये स्वल्पविरामांची माळ, शेवटी एकदाचा टिंब, हे दृश्य तिथं नेहमीचं. इंग्रजी वळणाचे शिक्षक त्याला ढिलाई म्हणतात. मला ती ढिलाई वाटत नाही. ज्या भाषेनं विरामाचं काम शब्दांकडून हजार वर्षं करून घेतलं, तिच्या लेखी चिन्ह हे पगारी मदतनीस आहे. घर त्याच्यावाचूनही चालतं.

धुळ्यात आज या चिन्हांशी रोज झटापट करणारा माणूस म्हणजे डीटीपीवाला. लग्नपत्रिका, इज्तिम्याची पोस्टरं, उर्दू शाळांच्या प्रश्नपत्रिका. एके काळी हे सारं कातिब हातानं लिहीत. उर्दूचा नस्तालीक तिरपा उतरत जातो, एकेक अक्षर शेजाऱ्याप्रमाणं रूप बदलतं. खिळ्यांच्या छपाईला ते झेपलं नाही. १९८१ मध्ये मिर्झा अहमद जमील यांच्या नूरी नस्तालीकनं पाकिस्तानात 'जंग' दैनिक संगणकावर आणलं, आणि नव्वदच्या दशकात दिल्लीहून आलेल्या इनपेजनं आपल्याकडच्या गल्लीबोळांतल्या कातिबांची बैठक उठवली.

पाच कंदीलच्या बाजूच्या एका दुकानात मी विचारलं, अरबी आणि उर्दू यांच्या खुणांत फरक काय पडतो? पडद्यावर बोट ठेवून त्यानं पूर्णविराम दाखवला. उर्दूत तो टिंब नसतो. ओळीवर टेकलेली आडवी बारीक रेघ असते. कारण उघड आहे. या लिपीत अक्षराखाली-अक्षरावर आधीच ठिपक्यांचा पाऊस, त्यात आणखी एक ठिपका कुठं ओळखणार? शिवाय अरबी आकड्यांतला शून्य म्हणजेही टिंब. आकड्यानंतर वाक्य संपलं की तो टिंब आकड्याला चिकटून शून्यासारखा दिसू शकतो. उर्दूच्या आडव्या रेघेनं निदान हा धोका टाळला. प्रश्नपत्रिकेत अरबी उतारा उर्दू कीबोर्डनं टंकला तर मात्र टिंबाच्या जागी रेघा पडतात आणि अरबीचे सर पत्रिका परत पाठवतात.

खरी तारांबळ उडते ती आकड्यांनी. ओळ उजवीकडून डावीकडं जाते, पण आकडा त्या ओळीतही डावीकडून उजवीकडंच वाचायचा. मोबाईलवर किंवा युनिकोडमध्ये उर्दू मजकुरात दूरध्वनी क्रमांक टाकला आणि ०२५६२ च्या पुढं संयोगरेषा दिली, की संगणक ती रेषा म्हणजे दोन आकड्यांमधला थांबा समजतो. मग प्रत्येक गट आतून सुलटा राहतो पण गटांची जागा उलटते: आधी मुख्य क्रमांक, मागाहून धुळ्याचा कोड. अशा पत्रिकेवरचा क्रमांक कुणी फिरवला तर भलतीकडं लागायचा. यावर उपाय म्हणून दिशेची अदृश्य चिन्हं आहेत, ती कागदावर उमटत नाहीत, फक्त यंत्राला सांगतात की इथून पुढं तोंड कुठं करायचं. दुकानदार त्या भानगडीत पडत नाही. तो संयोगरेषा काढून टाकतो, सगळे आकडे सलग जोडतो आणि गिऱ्हाइकाला सांगतो, "चाचा, अब सीधा आएगा." आणि पत्रिकेच्या दुसऱ्या अंगाला, मराठी मजकुरात, तोच क्रमांक संयोगरेषेसकट छापतो.